मठार

डॉक्टरीणबाईंनी आधी मला बाजूला घेतलं:
दारू घेतो का हा?
म्हटलं, सतराचा आहे, अजून चहासुद्धा घेत नाही.

आळीचं मात्र ठरून गेलं होतं.
डोळे पिवळे, पाय सुजलेले,
हाडाची काडं आणि पोट घागरीगत तट्ट.
लोकांना एकच कारण पाठ असतं.

त्याच्याही आधी अक्षर बिघडलं होतं.
वहीतल्या ओळी रेघ सोडून घसरायच्या,
शालन ओरडायची, नीट लिही,
तो म्हणायचा, हात ऐकत नाही.
आम्ही मोबाइलला शिव्या घातल्या.

ससूनच्या अंधाऱ्या खोलीत
त्याच्या डोळ्यावर उजेडाची चीर धरून
बाई म्हणाल्या, या, बघा.
बुबुळाच्या कडेनं एक कडं.
तपकिरी, जरासं हिरवट,
जुन्या बंबाच्या काठाला धरतं तसं.
मला नाव सांगायची गरज नव्हती.
चाळीस वर्षं तेच घासतोय.

तांबं.

म्हटलं, आजपासून हातोडी बंद.
धंद्याचा दोष नाही हो, त्या म्हणाल्या,
तांबं सगळ्यांच्याच जेवणात असतं,
यकृत ते बाहेर टाकतं. विनीतचं टाकत नाही.
निम्मा दोष तुमच्याकडून आला, निम्मा आईकडून,
आणि निम्म्यानं तुम्हाला कधी काही झालं नाही.

कसबा पेठेपर्यंत रिक्षात
मी आणि शालन दोन खिडक्यांसारखे.

सोनोग्राफीत यकृत गाठीगाठींचं.
मठार.
पत्र्यावर एकेक ठोका आम्ही मोजून देतो,
गिऱ्हाईक बोट फिरवतं, भाव विचारतं.
हे कोणी ठोकलं, इतकी वर्षं,
आवाज न करता, माझ्याच घरात?

मी विचारलं, ठोकून ठोकून तांबं कडक झालं की
आम्ही ते भट्टीत लाल करतो,
पाण्यात बुडवतो, पुन्हा मऊ होतं.
तशी काही सोय?
बाई थांबल्या.
कडक झालं ते बहुतेक तसंच राहील. उरलेलं वाचवू.

एक औषध तांबं लघवीवाटे ओढून काढतं,
आणि एक जस्ताची गोळी, उपाशीपोटी, जन्मभर.
म्हटलं, जस्त मिसळलं की पितळ होतं.
तेव्हा विनीत हसला, महिन्यात पहिल्यांदा.

सोमवारी धाकटीला तपासायचंय.
रोज रात्री ती ट्यूबलाइटखाली येऊन उभी राहते,
बाबा, नीट बघा.
साध्या नजरेला दिसत नाही म्हणतात सुरुवातीला.
तरी मी अंगठ्यानं पापणी वर करतो
आणि काठ बघतो.