सहावं गाणं

शटर अर्ध्यावर आणून
आम्ही तो अल्बम लावला,
ज्याला जगात सगळ्यांनी या वर्षीचा
आणि काहींनी तर दशकाचा म्हटलंय.
बाहेर रात्री नऊलाही पत्रा हात लावू देत नव्हता.
आत जळक्या वार्निशचा वास,
कारण दुकान मोटार रिवाइंडिंगचं,
आणि स्पीकरचा खोका मी स्वतः ठोकलेला,
अक्कलकोट रोडच्या एका बंद कारखान्यातल्या
कपाटाच्या फळ्यांचा. आतल्या बाजूला
अजून कागद चिकटलेला आहे: चादर खाते, आवक.

मल्लिनाथ बिराजदार बँकेत आहे. तो मार्क देतो.
पाकिटाच्या मागे लिहितो: ध्वनी नऊ, शब्द सात,
शेवट ढिला, एकूण साडेआठ.
"आधीचा जास्त चांगला होता," हे तो
प्रत्येक अल्बमबद्दल म्हणतो,
त्यांच्या पहिल्या अल्बमबद्दलसुद्धा म्हणाला होता.

तौसीफ नदाफ वरातीत कीबोर्ड वाजवतो,
मे महिन्यात त्याला मरायला सवड नसते.
"गिटारी लई झाल्या बे.
चौघं एकाच दारातून एकदम आत शिरायलेत.
आमच्यात असं वाजवलं तर
नवरदेव घोड्यावरून उतरून घरी जाईल."
पण दुसऱ्या गाण्याला
त्याचा अंगठा मांडीवर चालू होता, ते मी बघितलं.

लावण्या गाजुल कडक भाकरीवर
शेंगा चटणी ठेवून एकेकाला देत होती.
टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते.
"तो कुणाची तरी माफी मागायलाय," ती म्हणाली,
"पण इतक्या मोठ्यानं, की
त्या माणसाला शब्द कळू नयेत."
यावर कुणालाच काही सुचलं नाही.
भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा.

मला विचारलं, तेव्हा मी
मत असलेल्या माणसासारखा
आवाज कमी-जास्त करत बसलो.
खरं तर मी वाचून आलो होतो
काय काय आवडायला पाहिजे ते.

तेवढ्यात नरसय्यामामा शटरखालून वाकून आत आले,
मोटार न्यायला.
एकतीस वर्षं जॉबर.
कान त्यातच गेले, उजवा पूर्ण, डावा नावापुरता.
आम्ही हातानं बसा म्हटलं.
ते बसले नाहीत. खोक्यावर तळहात ठेवला,
पोराचा ताप बघतात तसा.

सहावं गाणं चालू होतं,
सगळ्यांनी ज्याची तारीफ केलीय तेच, आठ मिनिटांचं.
मामा डोळे मिटून उभे.
मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"ह्यो ठोकणारा दमलाय."

मल्लिनाथ म्हणाला, तसं नाही मामा,
ती स्टाइल आहे, मुद्दाम मागं राहतात.
मामांना ते ऐकू गेलं नाही.
"मशीन नाही हे. मशीन दमत नाही, बिघडतं.
याचा डावा हात भरून आलाय
आणि बाकीचे थांबायला तयार नाहीत."
मोटार स्कूटरच्या पायाशी ठेवून निघून गेले.
पैसे दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.

ते गाणं आम्ही अजून तीनदा लावलं.
आता दुसरं काही ऐकूच येईना:
गिटारी नाहीत, माफी नाही,
नुसता एक डावा हात,
पाचव्या मिनिटापासून किंचित उशिरा पडणारा,
पण पडणारा.
मल्लिनाथनं साडेआठ खोडलं.
त्या जागी काही लिहिलं नाही.

बाहेर आलो तर गल्लीत माग चालू होते.
पूर्वी चाळीस होते, आता अकरा.
लहानपणापासून मी त्यांना
एकच आवाज समजत आलोय.
उभा राहून वेगवेगळे ऐकायला बघितले.
चारपर्यंत जमलं.

सव्वा वाजता लावण्याचा मेसेज:
सातवं ऐक.
सुरुवातीला, गिटार यायच्या आधी,
कुणीतरी त्याला पाणी दिलंय.