फाइन

लिहायचं स्लेथवेट, म्हणायचं स्लॉइट.
या गावानं पहिल्याच आठवड्यात मला बजावलं
की अक्षरांवर फार विसंबू नकोस.

गुरुवारी वाचनालयात मी असतो.
हीटर खोकतो. बाहेर
पिठासारखं काहीतरी पडत असतं,
त्याला इथे फाइन रेन म्हणतात,
आणि पाऊस थांबला की त्यालाही फाइनच.

विनिफ्रेड हेग आल्या, टोपी झटकत.
पिशवीतून पुस्तक काढलं, टेबलावर पालथं ठेवलं.
शर्यतीच्या कबुतरांची निगा.
"क्लिफर्डनं नेलेलं. अकरा वर्षं झाली.
फाइन किती होतो?"

मी म्हटलं, आता फाइन नसतो.
सगळ्यांचाच माफ झाला.
"कुणी माफ केला?"
कौन्सिलनं.
"त्यांना काय विचारलं होतं मी?"

चौतीस वर्षं त्या गिरणीत रफू करत होत्या.
उत्तरेच्या खिडकीशी उतरतं टेबल,
त्यावर ओढत न्यायचं सुटाचं फाइन कापड,
चूक शोधायची ती डोळ्यांनी नाही, पेरांनी.
सापडली की खडूची रेघ,
मग सुई, एका धाग्याखालून, एकावरून,
तुटलेला धागा पुन्हा आपल्या जागी.
रफू दिसलं तर पगारातून पैसे कापायचे.
फाइन कापडाचा फाइन,
हे त्या हसून सांगतात,
पण रक्कम अजून पाठ आहे.

माझ्या भाषेत ही सगळी वेगळी बिऱ्हाडं:
तलम, दंड, बारीक, निरभ्र.
एकमेकांच्या लग्नालासुद्धा जात नाहीत.
इथे एकाच खोलीत राहतात,
आणि कोण कुणाचा डबा खातो कळत नाही.

क्लिफर्डची बस पावणेसातची.
पावणेसातला तो दारात, एका पायात बूट.
"कटिंग इट फाइन, लव्ह," म्हणत पळायचा,
आणि बस मिळायची. दर वेळी.
कबुतरंही त्याची तशीच,
शेवटच्या मिनिटाला छपरावर.

त्या रविवारी विनिफ्रेड वेळेआधी पोचल्या.
परिचारिका म्हणाली, काल रात्री तर फाइन होते.
हे सांगताना त्यांनी कबुतरांच्या पुस्तकावरून
अंगठा फिरवला, कडेकडेनं,
कापड तपासावं तसा.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" मी विचारलं.
"फाइन."

या एका फाइनपाशी मी थांबलो.
आमच्याकडे बरंय म्हणतात.
दुखतंय तरी बरंय,
पुढचं विचारू नका, बरंय,
आणि उठताना, चपला शोधताना, परत बरंय.

त्यांनी बटव्यातून नाणी काढली,
टेबलावर थप्प्या रचल्या, वीस-वीस पेन्सच्या.
संगणकात ते घ्यायला रकानाच नाही.
मी पावती हातानं लिहिली:
हेग. फाइन. मिळाला.
नाणी पाकिटात घालून खणात ठेवली,
पुढच्या गुरुवारी त्यांचं काय करायचं ठाऊक नव्हतं.

पुस्तक शेल्फला न्यावं म्हणून उचललं
तर मधून घसरली एक जुनी बसची चिठ्ठी.
पान एकशे बारा. पुढे चाळीस पानं राहिलेली.
पिसं गळण्याच्या दिवसांत काय खायला द्यावं,
तिथवर तो आला होता.

विनिफ्रेडनी टोपी घातली. दारापर्यंत गेल्या.
बाहेर अजून ते पीठ पडत होतं.
"दुपारनंतर फाइन होईल म्हणालेत," मी म्हटलं,
काहीतरी म्हणायचं म्हणून.

त्या परत टेबलाशी आल्या.
चिठ्ठी माझ्या हातातून घेतली,
एकशे बारावर नीट ठेवली, पुस्तक मिटलं.

"हे अजून तीन आठवडे
माझ्या नावावर लिहिता येईल का?"