माशाचं पान

राजारामपुरीत, आठव्या गल्लीतल्या दवाखान्यात
शिंत्रे मॅडमनी कागदावर डोळा काढला,
चिरलेल्या कांद्यासारखा,
आणि म्हणाल्या, पोवाळकर, दोन रस्ते आहेत.

एक अल्ट्रासाउंडचा. बारीक सुई,
सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरते,
मोतीबिंदूचा चुरा करते, ओढून घेते.
दुसरा लेसरचा. मशीनच गोल कापतं,
मोतीबिंदूला आधीच चिरा पाडून ठेवतं.
पैसे जवळजवळ दुप्पट.

मी म्हटलं, मॅडम, ही दोन्ही आमच्या गुजरीत आहेत.
दागिने धुवायला अल्ट्रासॉनिकची टाकी,
खाचेतला मळ आपसुक सुटतो, कुंचला नको.
आणि शेजारच्या ओसवालानं परवा
लेसरचं डागमशीन आणलं:
फुंकणी नको, टाकणखार नको,
काचेआड एक ठिणगी, बसला डाग.
मी चव्वेचाळीस वर्षं फुंकून डाग दिला,
माझ्या ओठांना विचारा.

मॅडम हसल्या.
लेसर केलं की ती सुई लागतच नाही काय?
लागते, म्हणाल्या. कमी लागते, पण लागते.
आणि दिसण्यात फरक?
बहुतेकांना काही नाही,
हे जरा खालच्या आवाजात,
बिलाच्या खिडकीकडं पाठ करून.

मुलगा पुण्याहून म्हणाला, लेसरच करा.
म्हणून उजवा लेसरनं, त्याच्या पैशानं.
डावा तीन महिन्यांनी, माझ्या.
उजव्याला कडं पाडलं मशीननं.
डाव्याला बाईंनी, चिमट्यानं, हातानं.
वर नुसता भगभगीत उजेड,
आत कुणी वर्ख सोलतंय असं वाटलं.
दिसलं काहीच नाही, पण हात ओळखू आला.
मनातच म्हटलं, सावकाश, बाई, कड फाटंल.
नाही फाटली.

मधल्या तीन महिन्यांत मात्र वेगळीच गंमत.
उजव्यानं बघितलं की सोनं फिकं, थोडं गोरं.
डाव्यानं बघितलं की पिवळंजर्द,
ऐन लग्नसराईतलं.
एकच पाटली,
एका डोळ्याला अठरा कॅरेट, एकाला बावीस.
शेवटी कसोटीवर घासली.
बावीस.
म्हणजे सोनं खरं होतं,
वरचा पिवळेपणा माझा होता.
किती वर्षं मी गिऱ्हाइकाच्या सोन्यात
पदरचं घालत होतो, कुणास ठाऊक.

आता दोन्ही डोळे सारखे.
हा झाकून बघा, तो झाकून बघा.
मुलाला फोनवर अजून सांगितलेलं नाही.

काल कागलच्या मगदूम वहिनी आल्या,
आठ वर्षांपूर्वी मीच घडवलेला साज घेऊन,
दोरा बदलायला.
लाल कापडावर ओतला. एकवीस पानं.
कासव ठीक. वराह ठीक. माणिक जागेवर.
माशाच्या डोळ्याशी डाग ओघळलेला,
केसाएवढा,
पण ओघळलेला.
उजव्यानं बघितला.
डाव्यानं बघितला.
तेवढाच.

काय झालं हो? वहिनी म्हणाल्या.
म्हटलं, साज आठ दिवस राहू दे.
मजुरी किती होईल?
मी खाली वाकलो होतो, खणात,
फुंकणी शोधत.