बसून

रात्री दोन वाजता अंगठा जागा झाला.
उजव्या पायाचा. लाल, तुकतुकीत,
पिकल्या कोकमासारखा.
चादरीची कड लागली तरी जीव कळवळे.
मला वाटलं, फुरसं तर नाही?
नवऱ्याने बॅटरी मारून खाटेखाली पाहिलं.
काहीच नव्हतं.

डॉक्टर तुळसकरांनी कागद पुढे सरकवला:
युरिक ॲसिड, आठ पॉइंट एक.
"राजेरजवाड्यांचा आजार म्हणायचे याला, वहिनी.
बसून खाणाऱ्यांचा."
पाय ठणकत असताना मला हसू आलं.

बसते मी, खरं आहे.
उभादांड्याच्या कारखान्यात, साडेआठ ते साडेपाच,
एकवीस वर्षं त्याच बाकावर,
हातात बोथट सुरी, पुढ्यात काजूचा ढीग.
साल काढायची. अख्खा इकडे, पाकळी तिकडे,
तुकडा पत्र्याच्या डब्यात.
किलोमागे पैसे. उठलं की किलो हलका होतो.
म्हणून पाणीही बेतानंच पिते;
संडास अंगणापलीकडे,
जाण्यायेण्यात पावशेर काजू जातो.
बसते. पण खाते कुठे?
दाणा तोंडाजवळ गेला की धुरी मुकादम
जबड्याकडे बघतो.

"तारले बंद. तिसऱ्या बंद. सुंगटं कमी.
पाणी भरपूर. आणि तासाला एकदा
उठून चालत जा चार पावलं."
तारले सोडेन एकवेळ.
उठायचं कसं, ते कागदावर नव्हतं.

बाबा शिरोड्याच्या मिठागरात होते.
खाडीचं पाणी आत घ्यायचे, बांध घालायचे,
मग त्याला कुठे जाऊ द्यायचे नाहीत.
"थांबलेल्या पाण्याक खडो धरता गो,"
म्हणायचे, तळहातावर नवं मीठ दाखवत.
काल दुपारी, बसल्या बसल्या,
अंगठ्यात मला त्यांचं आगर दिसलं,
उन्हात चमचमणारं,
आणि त्यात कुणी तरी फावडं मारत होतं.

आज पावणेदहाला माझ्या हातून एक काजू पडला.
घरंगळत दाराशी गेला.
उठले. लंगडत जाऊन उचलला,
माठातलं तांब्याभर पाणी प्यायले, परत आले.
पावणेअकराला दुसरा पडला.
फिलोमिना तिरप्या डोळ्यांनी बघत होती.
पावणेबाराला तिचाही पडला,
माझ्यापेक्षा लांब गेला.

मुकादमाने वहीतून मान वर काढली:
"आज काजींका पाय फुटले काय गो?"
कुणी बोललं नाही.
सुऱ्यांचा आवाज तेवढा जरा भरभर झाला.

संध्याकाळी काट्यावर सातशे ग्रॅम कमी भरले.
चप्पल पायात जाईना, हातात घेतली
आणि बंदरापर्यंत चालत गेले,
तारल्यांच्या टोपल्या टाळत,
रस्त्याच्या पलीकडच्या कडेने.