चाळीस पूर्णांक आठ

वान्नेस लॅपटॉप काखेत मारून आला
आणि मी, सवयीनं,
टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी ओढलं.
तो हसला. "गोडेलीव मावशी, हा आतूनच उजळतो."
तेव्हा कुठं ध्यानात आलं :
या पडद्याला उत्तर नाही.

नायलेनच्या या गल्लीत एके काळी
प्रत्येक परसात खोपट होतं, खोपटात चाक,
चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड.
चाकाच्या आवाजावरून कळायचं
शेजारणीचा दिवस कसा चाललाय.
आता तिथं सायकली असतात, गवत कापायची यंत्रं.

तीन हिरे उघडलेत त्यानं, तीन चौकटींत.
काळ्यावर गरगर फिरताहेत,
कुणी न बसलेल्या पाळण्यांसारखे.
"हा बघ, पूर्ण एक कॅरेट. कागदावर 'सर्वोत्तम' लिहिलंय.
मिरेयच्या बहिणीचाही एकचाच आहे."

थांबव त्याला आधी, मी म्हटलं.
फिरत्या दगडात सगळेच देखणे.
कोन कुठं लिहिलेत?
माथा छत्तीस. पोट एक्केचाळीस पूर्णांक चार.
"म्हणजे?"
म्हणजे गळकी घागर, बाळा.
वरून ओतलेला उजेड आतल्या दोन भिंतींवर आपटून
वरच परत यायला हवा, तुझ्या डोळ्यांत.
इथं तो बुडातून निसटतोय.
दिसलं, फलकाखालचं मळकट कडं?
वजन आहे, नाही कोण म्हणतंय,
पण ते पोटात लपवलंय, जाड मेखलेत लपवलंय.
पैसे तू मोजणार, आणि दिसणार कुणालाच नाही.

दुसरा उथळ.
त्याचा स्वतःचाच काठ आत उमटलाय, पांढरा,
शिळ्या माशाच्या डोळ्यासारखा.
बाजारात बघतोस ना डोळा? तसंच.

तिसरा शून्य पूर्णांक एक्याण्णव.
चाळीस पूर्णांक आठ.
आकडा मी दोनदा वाचला.
कुठं तरी, सुरतेत असेल,
कुणी तरी वजन जाऊ दिलं होतं,
हाताशी आलेला एक कॅरेट
धूळ करून चाकावर सोडून दिला होता.

वान्नेसला मी हे सांगितलं नाही :
चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात
मालक म्हणाला, एकच्या खाली उतरायचं नाही.
मी बेचाळीसवर थांबले.
कान सांगत होते, अजून घास.
त्या पैशांची सायकल घेतली, निळी, घंटी पितळेची.
हिरा गेला. कुणाच्या बोटात, ठाऊक नाही.
तेव्हापासून मी लोकांचे हात बघते,
पावाच्या दुकानात, बसच्या दांडीवर,
मयताला जमलेल्या बायकांचेसुद्धा.
मधोमध मळका दिसला
की मान वळवते.

"पण हा एक नाही ना," वान्नेस पुटपुटला. "तिच्या बहिणीनं विचारलं तर?"
रुंदी वाच, म्हटलं. वरून.
"सहा पूर्णांक दोन." मग पहिल्याची.
"सहा पूर्णांक दोन."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
टोपलीत टाकला, काढला, पुन्हा टाकला.
बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र
सुरू होऊन बंद पडलं.

परत धाडायची मुदत किती?
"तीस दिवस."
मग आला की आधी इथं आण,
मिरेयच्या बोटात जायच्या आत.
ऊन नको, ढगाळ दुपार बरी.
दुकानी दिव्याखाली काचही हसते.
कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवू, खिडकीत धरू.
पाणी जोखायचं तर पाणी समोर लागतं.

कळ दाबण्याआधी त्यानं माझ्याकडे पाहिलं.
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्याचं
त्याला ठाऊक आहे.
एक पुरतो, म्हटलं मी.
भिंग दुसऱ्याला कधी लावलंच नव्हतं.