पिओनीला तीन वर्षं

फेब्रुवारीत डुलुथची जमीन चार-पाच फूट गोठलेली.
आयली चौकटीच्या वहीत बाग लावते,
एक चौकट म्हणजे एक फूट.
मागे डेल्फिनियम, पुढे झेंडू,
कोपऱ्यात पिओनीचा गोल, दोनदा गिरवलेला.

मे महिन्यात रेइनो दोरी ताणतो,
दगडावर दगड, बिनसिमेंटचे,
प्रत्येकाला एकेक फिनिश शिवी;
बापाकडून तेवढीच भाषा आली त्याला.
खणताना मध्येच धोंडा लागतो,
म्हशीएवढा, ढिम्म.
मग भिंतच वळसा घेते.
"तुझी डेल्फिनियम गेली."
ती खोडरबर शोधते.

पुढच्या वसंतात भिंतीला पोट आलेलं.
पाण्याला वाट ठेवायची राहिली होती.
खडूने नंबर घालून तो सगळी उतरवतो,
पुन्हा रचतो.
सतरा नंबर कुठेच नाही.

सप्टेंबरात रोपवाटिकेतली पोरगी सांगते,
पिओनी लावली की
तीन वर्षं फुलाची वाट बघायची नाही.
रेइनो शहात्तरचा.
आयली त्याच्याकडे न बघता म्हणते,
"दोन दे."

सतरा नंबर आता पिओनीच्या पायथ्याशी आहे.
आकडा पुसून तिने साल लिहिलंय,
तीन वर्षांपुढचं.
खडूच तो, पावसाने जाईल.
तिच्या खिशात अजून तुकडा आहे.