लेपीचा काटा

आरोग्य केंद्राच्या जिन्याचं रेलिंग बसवून झालं
आणि सहा एमएमच्या सळईचे पाच तुकडे उरले, हातभर लांबीचे.
बिलात ते धरलेले होते, म्हणजे सरकारचेच.
मी ते शेडमागे पत्र्याखाली ठेवले, मामाला निरोप धाडला.

गुणाजीमामाचा जुना काटा लोखंडी.
दोन छत्रीच्या काड्या, दोन सायकलचे स्पोक,
मधला दात कुठल्याशा फुटक्या होडीचा खिळा.
खाऱ्या पाण्याला लोखंड म्हणजे चणेफुटाणे,
दर दिवाळीला एक दात कमी.
दोनच उरले तेव्हा मामा म्हणाला,
"आता ह्यो माझ्या तोंडासारखो झालो."

तासण्यात दोन संध्याकाळी गेल्या.
लोखंड हात सैल सोडून ठिणग्या उधळतं,
स्टीलची ठिणगी आखूड, नारिंगी, मोजून दिलेली.
टोक निळं पडायला लागलं की थांबायचं,
पाण्यात बुडवायचं, पुन्हा धरायचं.
मग टोकामागे छिन्नीने एकेक उलटा दात उचलला.
"तांदळाएवढोच," मामा म्हणाला. "मोठो केलंस तर मासो फाटता.
फाटलेली लेपी कोण घेता? मांजर."

पाचही एका ओळीत, वीतभर रुंदीत,
मधला अर्ध्या पेराने पुढे.
टाके मारून मी मास्क वर केला तर
मामाने डोळ्यांवर टोपी धरलेली,
ग्रहणात धरतात तशी.
दांडा चिव्याचा, भरीव, त्याच्याच परड्यातला.

काटा हातात घेतला, फिरवला.
ट्यूबलाइट पाचही दातांवरून पळाली.
"गो वैजू, ह्यो काटो की व्हकलेची फणी?
इतको कित्याक चमकता? लेपीक आधी ह्योच दिसतलो."
आणि दोन संध्याकाळी घासून आणलेली माझी चकाकी
त्याने सोडणांच्या जाळात घातली.
स्टील आधी वाळक्या गवताचं झालं, मग जांभळं,
मग निळं, मग मोरीच्या पाठीसारखं राखाडी.
मला राग आला होता,
तरी रंग बघायची थांबले नाही.

भांगाची रात्र. अष्टमीचा चंद्र खाली गेल्यावर निघालो.
आचऱ्याची खाडी गुडघाभर, निवळ.
पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे,
कारण तिथेच वागळी निजलेली असते,
तिच्या शेपटीतही काटा आहे
आणि त्याला बिल लागत नाही.

डोक्यावरच्या बॅटरीत वाळू, वाळू, एक कालव, वाळू.
"मासो बघू नको," मामा म्हणाला.
"जी वाळू जरा जास्तच वाळू आसा, ती बघ."

तेव्हा दिसले.
दोन डोळे मोहरीएवढे, एकाच अंगाला.
लहानपणी म्हणे ते दोन अंगांना असतात,
मग एक डोळा चालत चालत दुसऱ्याकडे येतो,
उजेड असतो त्या बाजूला.
मामाचा उजवा डोळा मोतीबिंदूने गेला.
तो कुठे चालत गेला नाही.

मी मारला.
हाताला कर्र् लागलं, नुसती वाळू.
शेजारून गढूळ पाण्याची एक रेघ निघून गेली.
गाळ बसला तेव्हा खाली लेपीचा ठसा होता,
कडेच्या परांसकट, टोकदार शेपटीसकट,
पाटावरून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा,
आणि ठशाच्या बरोब्बर मधोमध माझी पाच भोकं.

"नेम बरो," मामा म्हणाला. "वेळ चुकली."
काटा माझ्याकडून घेतला, चार पावलं सरकला,
मला काहीच दिसत नव्हतं तिथे टेकवल्यासारखा खाली दाबला,
आणि वर आणता आणता लेपी दातांवरून सरकली,
तिला त्याने पोटाशी धरून वाचवली. म्हणजे आमच्यासाठी.

"उलटो दात जरा मोठो कर गो."
मी म्हटलं, तूच म्हणालास ना तांदळाएवढा?

"तांदूळ म्हणजे उकडो," तो म्हणाला. "सुरय नाय."